हात भरलाय

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काट्यावर ७०.१ असा आकडा आला आणि मी खाली उतरले. काटा म्हणायची आपली सवय. त्याला काटा कुठला, काचेची एक चौकोनी पाटी आणि तिच्या डोक्याशी लाल आकडे. आधीच्या मंगळवारी ६८.७ होतं. मी केसांतला चाप काढला, कानातलं काढलं, पुन्हा चढले. ७०.१. मग नळाजवळची फरशी जरा उतरती आहे हे मला एकदम आठवलं, म्हणून पाटी उचलून दाराशी ठेवली. ७०.२. बाहेरून नवरा विचारत होता, "अगं, किती वेळ?" आणि मी आत, पायांची बोटं थंड पडलेली, पोट आत ओढून उभी. पोट आत ओढल्याने वजन कमी होत नाही, हे कळायला पदवी लागत नाही. पण त्या पाटीवर उभी राहिलेली प्रत्येक बाई पोट आत ओढतेच.

आमच्या सोसायटीतल्या अकरा जणींचा एक ग्रुप आहे. दर मंगळवारी साडेसातच्या आत काट्याचा फोटो टाकायचा, असा नेम. ग्रुप चालवणाऱ्या बाईंना आम्ही सगळ्या मॅडम म्हणतो. त्या आहाराचं मार्गदर्शन करतात, आणि तसं मनापासून करतात, खोटं कशाला बोलू. मी फोटो टाकला. दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं, "खरं सांगा, काय खाल्लंत?" पुढे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारे दोन पिवळे चेहरे. पाठोपाठ आणखी दोघींचे. एकीने लिहिलं, "लग्नाचा सीझन आहे बाई."

खाल्लं काय होतं? चार आठवडे मी भाकरीचं पीठसुद्धा तोलून घेत होते. ज्वारीची एक भाकरी, मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर, वाटीभर ताक. बिनसाखरेचा चहा, ज्याला मी अजूनही चहा मानत नाही. शनिवारी वरणभाताबरोबर लिंबाच्या लोणच्याची एक फोड आणि रविवारी एक उडदाचा पापड, एवढीच काय ती चैन. मी लिहिलं, "काहीच नाही हो." मग ते खोडलं, कारण ते वाचायला फारच खोटं वाटत होतं. खरं असूनही. शेवटी लिहिलं, "हो, रविवारी जरा जास्तच झालं बहुतेक." मॅडमनी अंगठा दिला. "प्रामाणिकपणा आवडला."

न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिली मी, आणि वर शाबासकी घेतली.

हे दिवसभर कुसळासारखं टोचत राहिलं. ऑफिसला जाताना बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना, मीटिंगमध्ये कोणी तिसरंच काही बोलत असताना. दुपारी मी लेकीवर फोनवरूनच ओरडले, कारण तिने गिझर चालू ठेवला होता. संध्याकाळी भाजीवाल्याशी दहा रुपयांवरून भांडले. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला नाही, फ्रिजचं दार उघडं ठेवून त्याच्या उजेडात शेंगदाण्याचे चार लाडू खाल्ले. उभ्यानेच. चौथ्याची तर चवसुद्धा कळली नाही. कबुली दिलीच आहे तर गुन्हा तरी पदरात पडावा, असा काहीसा विचार होता. दाणे दाढेत अडकले होते आणि डोळ्यांत उगाच पाणी येत होतं.

गुरुवारी पाळी आली.

पुढच्या मंगळवारी काट्यावर ६८.२. मधल्या सात दिवसांत मी विशेष काही केलं नव्हतं. उलट ते चार लाडू त्याच आठवड्याच्या खात्यावर होते. ग्रुपवर फुलांचा पाऊस पडला. "आलात ना परत रुळावर!" मॅडम म्हणाल्या. आणि मला आदल्या आठवड्यापेक्षा जास्त राग आला.

माझी मामेबहीण सांगलीत स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिला फोन केला तेव्हा ती दोन पेशंटच्या मधल्या फटीत चहा पीत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, हिशेब कर की. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तुझं एक किलो चारशे ग्रॅम वाढलं ना? गुण." मी फोन कानाला धरूनच गुणलं. १०,७८०. तूप धरून एका पुरणपोळीच्या तीनशे कॅलरी धरल्या, तर छत्तीस पुरणपोळ्या. त्याही रोजच्या जेवणाच्या वर. म्हणजे आठवडाभर रोज पाच आणि रविवारी सहा. "खाल्ल्यास का?" ती म्हणाली. "नाही ना? मग चरबी अशी पाहुण्यासारखी न सांगता येत नाही, आणि चार दिवस राहून जातही नाही. ते पाणी आहे."

पाणी. मग तिने मला ते पाणी कुठून येतं ते सांगितलं, आणि मधे एकदा "बसा, आलेच" असं कुणाला तरी म्हणाली. बीज सुटलं की ते जिथून सुटलं तिथे एक पिवळी गाठ उरते, पीतपिंड. पुढचे बारा-चौदा दिवस त्यातून प्रोजेस्टेरॉन झिरपत राहतं. ते मूत्रपिंडाला म्हणतं, मीठ सोड. शरीर त्यावर धसका घेतं आणि मीठ धरून ठेवणारं दुसरं संप्रेरक वाढवतं, अल्डोस्टेरॉन. त्यात इस्ट्रोजेन पाण्याच्या हिशेबात आपला हात घालतंच. या ओढाताणीत मीठ जिथे थांबतं तिथे पाणी थांबतं. बोटांत, घोट्यांत, छातीत, डोळ्यांखाली. आतडीही त्या दिवसांत आळसावतात, तेही वजनात धरलं जातं. भूक वाढते आणि जीभ नेमकी खारट मागते. माझ्या लोणच्याच्या फोडीचा आणि पापडाचा उलगडा मला तिथे झाला. कुणाचं अर्धा किलो हलतं, कुणाचं दोन, कुणाचं काहीच नाही. तिने आणखी एक गोष्ट सांगितली ती मला नवी होती. मी समजत होते की सूज पाळीच्या आधी चढते आणि पाळी आली की लगेच उतरते. कॅनडात बायकांनी वर्षभर रोजच्या रोज आपल्या अंगावरची सूज टिपून ठेवली होती, तो अभ्यास २०११ साली छापून आला; त्यात सगळ्यांत जास्त सूज टिपली गेली ती पाळीच्या पहिल्या दिवशी. म्हणजे शिखर गुरुवारी होतं. मंगळवार नुसती चढण होती.

फोन ठेवल्यावर मी सगळे आकडे एका कागदावर लिहिले. ७१.६, ६९.७, ६९.२, ६८.७, ७०.१, ६८.२. पहिल्या आठवड्यात एक किलो नऊशे ग्रॅम गेले होते तेव्हा ग्रुपने मला डोक्यावर घेतलं होतं. "याला म्हणतात जिद्द." मी तो संदेश नवऱ्याला दाखवला होता, आईला वाचून दाखवला होता. पण कॅलेंडर काढून बघितलं, तर सुरुवातीचे ते ७१.६ हेसुद्धा पाळीच्या दोनच दिवस आधीचे होते. म्हणजे मी भरलेल्या अंगानेच काट्यावर चढले होते आणि पुढच्या मंगळवारी रिकामी होऊन उतरले. त्यात भर म्हणून पहिल्या आठवड्यात खाणं कमी झालं की शरीर आधी यकृतातला आणि स्नायूंतला साखरेचा साठा मोडतं. तो ग्लायकोजेनचा साठा असतो चारशे-पाचशे ग्रॅमचा, पण त्याच्या एकेका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही जातं. माझी जिद्द म्हणजे मोरीतून वाहून गेलेलं पाणी होतं. टाळ्याही पाण्यालाच पडल्या आणि शिव्याही पाण्यालाच.

मग मी त्या आकड्यांच्या जोड्या लावल्या. पाळीच्या दोन दिवस आधीचे ७१.६ आणि तसेच दोन दिवस आधीचे ७०.१; फरक दीड किलो. पाळी सुरू झाल्यावर पाचव्या दिवसानंतरचे ६९.७ आणि ६८.२, फरक दीड किलो. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तेव्हा शाळेत ताळा जुळल्यावर व्हायचं तसं वाटलं. चार आठवड्यांत दीड किलो. खरं, साधं, टाळ्या न पडण्याजोगं.

नवराही माझ्याबरोबर वजन कमी करतोय. त्याचं दर आठवड्याला चारशे ग्रॅम, कधी तीनशे. त्याच्या कागदावर जिना उतरतो. माझ्या कागदावर खंबाटकीचा घाट. त्याच्यासाठी दर मंगळवार हा मंगळवार असतो. माझे चार मंगळवार चार वेगळ्या बायकांचे असतात आणि पाटी त्या चौघींना एकाच नावाने हाक मारते. तो बिचारा म्हणाला, "मग तू महिन्यातून एकदाच कर ना." बरोबर आहे. पण तो हे इतक्या सहज म्हणाला की मला तेही आवडलं नाही. दीक्षित की दिवेकर यावर आमच्या ऑफिसात दोन तट पडले, डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडले जाऊ लागले, पंचावन्न मिनिटांत जेवण संपवायचं की दर दोन तासांनी मूठभर खायचं यावर तासन् तास बोलणी झाली. पण कोणत्या आठवड्यात काट्यावर चढू नये हे मला त्या टेबलांवर कुणी सांगितल्याचं आठवत नाही. सांगणार कसं, टेबलाशी पुरुषही असायचे.

आणि तरी, मला हे माहीत होतं. फक्त ते मी आकड्यांत कधी ऐकलं नव्हतं.

मिरजेला आमच्या लहानपणी दर्ग्याच्या वाटेवर बांगड्यांचं एक दुकान होतं. दुकान कसलं, तीन पायऱ्या चढून वर गेलं की सतरंजी अंथरलेला एक ओटा, मागे भिंतभर दोऱ्यांत ओवलेल्या बांगड्यांचे गठ्ठे, आणि मधे चाची. आई दर श्रावणात आणि गौरींच्या आधी तिथे हिरव्या काचेच्या बांगड्या भरायला जायची, मी बरोबर. चाची आधी हात हातात घ्यायच्या. बघायच्या नाहीत, नजर रस्त्यावर, बोलणं तिसऱ्याच बाईशी, आणि अंगठ्याने आईच्या पंजाची हाडं चाचपत राहायच्या, करंगळीच्या मुळापासून अंगठ्याच्या मुळापर्यंत. सव्वादोन, त्याहून मोठं दोन-सहा, त्याहून मोठं अडीच असे मापाचे आकडे असतात. आईचा हात दोन-सहाचा. मग त्या अंगठा तळव्यात दुमडायच्या, चारही बोटं एकत्र आणून पंजाची अशी काही पुरचुंडी करायच्या की तो हात माणसाचा वाटायचा नाही. "हात ढिला सोडा वैनी. सोडा. अजून." बांगडी हाडापाशी अडायची, चाची तिला किंचित तिरकी करायच्या, एक क्षण सगळ्यांचे श्वास थांबायचे, आणि ती पलीकडे उतरायची. मनगटावर तिचा पहिला आवाज यायचा. त्या एका बांगडीला चार आणे की आठ आणे पडायचे ते आठवत नाही, पण साबणाच्या पाण्याची वाटी आठवते. कडेला पितळी, आत निळसर फेस.

कधी कधी मात्र चाची नुसता हात चाचपून परत द्यायच्या. "आज नको वैनी. हात भरलाय. बुधवारी या." आई निमूट उठायची. मी भुणभुण करायची, कारण तिथून परतताना मला उसाचा रस मिळायचा आणि बांगड्या नाहीत तर रस नाही असा अलिखित करार होता. एकदा मी चाचींना विचारलंच, हात कशाने भरला? चाची आईकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "महिन्यातनं चार दिस असाच असतोय गं बायकांचा हात. तुझा पण हुईल." आईने माझा दंड धरून मला खाली उतरवलं.

भरतो तसा हात रिकामा होतो; यात चाचींना आश्चर्य नव्हतं आणि आईला अपराध नव्हता. दोन-सहाचा हात दोन-सहाचाच राहायचा, आज जात नाही म्हणून कुणी त्याला अडीचचा म्हणत नव्हतं. भरती-ओहोटीची उपमा इथे तोंडाशी येते, पण मी घाटावरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. मला बुधवारच कळतो. बुधवारी या.

हे लिहिताना मला एकदम त्या काळाचं फार प्रेम यायला लागलं, म्हणून जरा थांबते. कारण त्याच घरात, त्याच आईला, दर महिन्याला तीन दिवस मागच्या खोलीत चटईवर बसावं लागायचं. आजी होती तोवर. मला सांगितलं जायचं, आईला कावळा शिवला. आणि मी अंगणातल्या कावळ्यांकडे रागाने बघायची. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असायचं, त्यावर आईच्या हातच्या बारीक फुल्या. दुधाचा खाडा, सिलेंडरची तारीख, आणि कोपऱ्यात फुली. मला वाटायचं ती फुली आईची खासगी आहे. मोठेपणी कळलं की ती सगळं घर वाचत होतं. सत्यनारायण कधी घालायचा, कुलदैवताला कधी जायचं, हळदीकुंकू कोणत्या शुक्रवारी, हे त्या फुलीवरून ठरायचं. गौरी आणि फुली एकाच आठवड्यात आल्या की आईच्या उशाशी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची पट्टी यायची. त्या दिवसांत तिच्या पायांवर पैंजणांचे वळ उठलेले मी पाहिलेत, आणि आरतीच्या वेळी ती एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत उभी असायची. तेव्हा शरीर वाचता येत होतं सगळ्यांना. पण वाचून करायचं काय, ते तिला कुणी विचारत नव्हतं. आता मला सगळे विचारतात, आणि वाचता मात्र कुणाला येत नाही. यातलं बरं कुठलं, हे मला ठरवता आलेलं नाही.

वजनाचं म्हणाल तर ते आम्ही करायचो मिरज जंक्शनवर. मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची महालक्ष्मी, आणि ती यायच्या आधी फलाटावरच्या त्या यंत्रावर चढायचं. लाल-पिवळे दिवे, आत गरगरणारी चाकं, एक रुपयाचं नाणं टाकलं की पोटातून घरघर करून जाड कागदाचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. बाबा वजन वाचायचेच नाहीत, थेट उलटी बाजू. तुमच्या स्वभावात उदारपणा आहे, लवकरच प्रवासाचा योग आहे. प्रवासाचा योग तर समोर रुळांवर दिसतच असायचा! एकदा भाऊ बॅग न उतरवता चढला आणि अकरा किलोंनी श्रीमंत झाला. आई कधी चढली नाही. "मला काय करायचंय," म्हणायची. आता वाटतं, बाबांचं वाचन जास्त बरोबर होतं. तो कागद दोन्ही बाजूंनी सारखाच विश्वासाचा होता.

माझ्या बाथरूममधल्या पाटीला उलटी बाजू नाही. ती दशांश चिन्हानंतरचा आकडा दाखवते, आणि दशांश चिन्ह दिसलं की आपण मान खाली घालतो.

त्या गुरुवारनंतर काही दिवसांनी लेक जेवताना पानावरून उठली. पंधरा वर्षांची आहे. अर्धी पोळी तशीच. तिला पोळीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून मी विचारलं. "जीन्स लागत नाहीये," ती म्हणाली. मग, सिंककडे तोंड करून, "मी पण मंगळवारी उभी राहू का तुझ्याबरोबर?" मला लाडू आठवले, फ्रिजचा उजेड आठवला. गिझरवरून मी तिच्यावर ओरडले तेही आठवलं. मी विचारलं, "तुझी तारीख कधी आहे?" तिने फोन काढला, तिच्या फोनमध्ये एक गुलाबी चक्र आहे, ते सांगतं किती दिवस उरले. "तीन." मी तिला म्हटलं, "हात दे." ती द्यायला तयार नव्हती, "काय गं आई" वगैरे झालं, पण दिला. मी तिच्या पंजाची हाडं चाचपली, करंगळीच्या मुळापासून अंगठ्याच्या मुळापर्यंत. खरं सांगते, मला काहीही कळलं नाही. चाचींचा अंगठा माझ्याकडे नाही. पण मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "हात भरलाय. जीन्स सोमवारी घाल." तिने हात ओढून घेतला आणि मला वेड लागलंय असं जाहीर केलं. पोळी मात्र संपवली, तूप लावून.

आता आमच्याही स्वयंपाकघरात कालनिर्णयवर फुली असते. माझी मी मारते, लाल पेनाने, गॅसच्या तारखेशेजारी. फुलीच्या आदल्या आठवड्यात पाटी कपाटावर चढवून ठेवते. ग्रुपवर मी सांगून टाकलं की मी महिन्यातून एकदाच, पाळी सुरू झाल्याच्या सहाव्या दिवशी आकडा टाकणार. पाळी हा शब्द ग्रुपवर पहिल्यांदाच आला असावा. अकरा जणी असून बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकीने मला वेगळा, खासगी संदेश पाठवला. "माझंही तसंच होतं. मला वाटायचं मीच रात्री झोपेत खाते की काय." तो संदेश मी अजून पुसलेला नाही.

हे सगळं जुळलंय असं वाटत असतानाच पुढच्या महिन्यात फुली आलीच नाही. चार दिवस, सात दिवस, अकरा दिवस. अंग भरलेलंच. अंगठी निघेना. मामेबहीण म्हणाली, तपासून घेऊ, पण चव्वेचाळीस आहेस, पुढची काही वर्षं फुल्या भटकणार हे धरून चाल. बाराव्या दिवशी आली. हातातला ताळा पुन्हा विस्कटला. ज्या घाटाची वळणं आत्ता कुठे पाठ झाली होती, तो रस्ताच सरकायला लागला.

मागच्या रविवारी मिरजेला गेले होते. आईला म्हटलं, चल, बांगड्या भरू. चाची नाहीत आता. त्यांची सून बसते, काचेच्या कपाटांचं दुकान झालंय, पायऱ्या मात्र तीनच. आईने आधी हात पुढे केला. सुनेने दोन-सहाची हिरवी बांगडी घेतली आणि ती साबणाविना, अंगठा न दुमडता, अशी सरकन् आत गेली की आईच्या मनगटावर थांबलीसुद्धा नाही, कोपराच्या दिशेने निघाली. "सव्वादोन दाखवू का?" सुनेने विचारलं. "दोन-सहाच राहू दे," आई म्हणाली. "माझा हात आता महिनाभर सारखाच." हात वर करून तिने बांगड्या वाजवून पाहिल्या. त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

मग माझा हात. सुनेने तो घेतला, रस्त्याकडे बघत चाचपला, आणि मला हसू आलं, कारण अंगठा तोच होता. "आज नको ताई. भरलाय. बुधवारी या."

"बुधवारी मी पुण्यात असणार."

"मग अडीचच्या घ्या. आत्ता जातील."

"नको. दोन-सहाच्याच बांधून द्या. घरी चढवीन."

तिने डझनभर बांगड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, दोरा दोनदा फिरवून गाठ मारली आणि पुडी माझ्या हातात ठेवताना म्हणाली, "सावकाश चढवा. घाईनं वाढल्या तर मला बोल लावायचा नाही हां."

बांगडी फुटली असं आपल्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. चार पावलं गेल्यावर मला ते ऐकू आलं आणि मी रस्त्यातच हसायला लागले. आई विचारत होती, काय झालं गं, आणि समोर उसाच्या गुऱ्हाळाची घंटा वाजत होती.